दोन्ही बाजूंची भाषणं

शाळेच्या वादविवाद स्पर्धेत बोलतात मुलं, पण भाषणं लिहितो आम्ही शिक्षक. तीही दोन्ही बाजूंची. नागरिकशास्त्र माझ्याकडे, म्हणून ही पीडाही माझ्याच गळ्यात. त्या वर्षीचा विषय होता, सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांची संख्या घटनादुरुस्ती करून कायमची ठरवावी. नववीच्या पोरांना! विषय काढणाऱ्याच्या डोक्याला काय झालं होतं, देव जाणे.

आमच्या घरी तर दिल्लीचं नाव काढलं तरी शीण यायचा. हे सूतगिरणीत कारकून होते. अध्यक्षांच्या मेव्हण्याविरुद्ध तक्रार केली म्हणून नोकरीवरून काढलेले. खालच्या दोन कोर्टांत आम्ही जिंकलो, तशी गिरणी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि तिथं प्रकरण जे बसलं ते उठायलाच तयार नाही. ह्यांना अठ्ठावन्न पूर्ण व्हायच्या आत निकाल लागला, तरच परत कामावर जाता येणार होतं. चार महिने राहिले होते.

रविवारी दुपारी भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत लिहायला बसले. अनुकूल बाजू उरकून टाकली: आकडा घटनेत पक्का असला की सत्तेवरच्या कुणाला आपली माणसं घुसवून निकाल फिरवता येत नाही. प्रतिकूल बाजूत मात्र जीव ओतला. खोळंबलेल्यांनी करायचं काय? न्यायाधीश वाढवा, दुप्पट करा, पण ऐका की एकदाचं!

ह्यांनी दोन्ही कागद वाचले. म्हणाले, "पहिलं बरोबर आहे."

मी भडकलेच. "अहो, तुमचे चार महिने राहिलेत! माणसं वाढली तर आपला नंबर लागेल की!"

"माझी चौकशी समिती तिघांची होती," हे शांतपणे म्हणाले. "त्यातले दोघं माझ्या बाजूचे. निर्णयाच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी नियम बदलून ती पाचांची केली. त्या दोन नव्यांनीच मला घरी बसवलं."

कप उचलले आणि धुवायला गेले. लई थकल्यासारखं झालं.

स्पर्धेत अनुकूल बाजूची मुलगी पहिली आली. चार महिने सरले, तारीख काही लागली नाही. अठ्ठावन्नाव्या वाढदिवशी मी शिरा केला. हे दोन घास खाऊन थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोडी माणसं वाढवली असती, तर काय बिघडलं असतं गं?"

मला तिथंच रडू फुटलं.