आंदणाच्या दिवाणाला भिंतीचा रंग

"मावशी, तुमच्या दिवाणानं माझी इज्जत घालवली!"

शेषराव ओरडतच दुकानात शिरला. जवळा बाजारचा आठवडी बाजार भरलेला होता. गिऱ्हाईकं हातातलं सोडून बघायला लागली.

"आधी खाली बस," मी म्हणाले. "अन् दिवाण माझा न्हाई, तुझा हाय. तू कोरा नेलास."

आमचं दुकान स्वस्त फर्निचरचं. दीर सुतारकाम करतो, रंगाचं सगळं मी बघते. शाळा चौथीपर्यंत झाली. लग्नानंतर हातात ब्रश आला, तो अजून आहे. शेषरावानं पोरीला, पूजाला, आंदण म्हणून आमच्याकडून दिवाण आणि ड्रेसिंग टेबल घेतलं होतं. चौकट आंब्याच्या लाकडाची, वर हलकं प्लाय. तेव्हाच म्हणाला, "रंग आमी घरी लावतो." कोणता लावणार, असं मी विचारलं होतं. "हाय आपल्याकडं," एवढंच बोलला.

त्याच्याकडं होता भिंतीचा डिस्टेंपर. आमच्या भागात लग्न निघालं की आधी घर रंगवतात. दाराशेजारी गणपती आणि नवरानवरीचं नाव काढतात. शेषरावाचं घर गुलाबी झालं, रंग बादलीत उरला, तो यानं दिवाणाला फासला. ड्रेसिंग टेबललाही फासला.

"घराला शोभून दिसत होता, मावशी."

"शोभून दिसत होता, मग काहून बोंबलून राहिला?"

मग त्यानं सांगितलं. नवऱ्या मुलाची आई चार दिवसांपूर्वी बस्ता बांधून शेषरावाच्या घरी टेकली. बसायला मानाची जागा म्हणून नवा दिवाण दिला. ऊन मरणाचं, बाई घामानं भिजलेली. उठली तेव्हा तिच्या पिवळ्या साडीला मागून गुलाबी पट्टा. सगळ्या बायका हसल्या. विहीणबाई म्हणाली, "आंदण देऊन राहिले, का रंगपंचमी खेळून राहिले?"

"माझ्या लेकराला जन्मभर हेच ऐकावं लागंल," शेषराव म्हणाला. आता तो ओरडत नव्हता.

साधा डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी पाण्यात कालवावी तसा रंग. भिंत तो पिऊन घेते. लाकडावर तो नुसता बसून राहतो. ओला हात लागला की हाताला येतो. हे मी समजावत होते, तोवर शेषरावानं पिशवीतून ऑइल पेंटचा डबा काढला.

"हा वरून मारा. परवा लग्न हाय."

"खालचा रंग भुसभुशीत हाय. त्याच्यावर मारला तर कांद्याच्या सालीवाणी निघंल."

"मग धुवून काढतो."

"धुवू नको! प्लायला पाणी लावलं तर—"

त्यानं मान खाली घातली. सकाळीच एक फळी धुतली होती. दिराला घेऊन मी त्याच्या घरी गेले. फळीचे पापुद्रे सुटून ती शिळ्या भाकरीसारखी वाकली होती. दिरानं ती काढून नवी ठोकली. आम्ही बाकीचा रंग कोरडाच, पॉलिश पेपरनं घासून काढायला बसलो. पूजाही बसली. हळदीच्या अंगानं काम करू नये म्हणून तिची आई ओरडत होती, पोरीनं ऐकलं नाही. गुलाबी धुरळा सगळ्यांच्या नाकात गेला.

संध्याकाळी लाकूड उघडं झालं. शेषराव डबा उघडायला लागला.

"बंद कर," मी म्हणाले. "आधी प्रायमर. तो वाळला की घासायचं, मग ऑइल पेंट, तो वाळला की परत एक हात. परवा मांडवात मांडलं तर ओलं ऱ्हाईल. या बारीला सगळं वऱ्हाड रंगंल."

"आंदण मांडवात मांडावं लागतं मावशी! गाव बघायला येतंय."

"मग गावाला ओलं दाखव. मी ब्रश लावणार न्हाई."

"तुमाला काय जातं? तुमची पोरगी थोडीच नांदायला चालली!"

हे मला लागलं. पण रंग कुणाच्या बोलण्यानं लवकर वाळत नाही. मी हात धुवायला उठले. तेव्हा पूजा म्हणाली, "आबा, कोरंच मांडा."

"कोरं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. मी बघते."

लग्नाच्या दिवशी दिवाण आणि टेबल कोरंच मांडवात आलं. विहीणबाई बायका घेऊन हजर झाल्या. दिवाणावरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं.

"रंग कुठं गेला वो इवाई? उडाला का?"

शेषराव पूजाकडं बघायला लागला. पूजा मुंडावळ्या सावरत म्हणाली, "आत्याबाई, सामान तुमच्या घरात ऱ्हाणार. म्हणलं रंग तुमच्या पसंतीचा द्यावा. तुमी सांगा, रंगवणारी मावशी तिथं येईल."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण एवढ्या माणसांत नाही कशी म्हणणार? विहीणबाईंनी जरा विचार केला आणि चॉकलेटी सांगितला.

लग्नानंतर मी कनेरगाव नाक्याजवळ त्यांच्या घरी जाऊन रंग दिला. वाळायला वेळ लागतो म्हणून मुक्काम केला. शेवटचा हात मारत होते तेव्हा विहीणबाई शेजारी येऊन बसल्या.

"मावशी, मला काय कळत न्हाई व्हय? पोरीनं बापाला झाकलं. बोलायला चलाख हाय. पण माझ्याजवळ बी पुरावा हाय."

कपाटातून त्यांनी पिवळी साडी काढली. घडी घालून, वर पेपर गुंडाळून ठेवलेली. पट्टा तसाच.

"धुतली न्हाई?"

"काहून धुऊ? ऱ्हाऊ द्या. कधी कामाला येईल."

पूजा दारात उभी होती. तिनं साडी बघितली.

माझं डोकं फिरलं. मी ब्रश ठेवला, त्यांच्या हातातून साडी घेतली आणि मोरीत नेऊन बादलीत बुडवली. विहीणबाई "अवो, अवो" करत मागं आल्या. साबण लावून चोळली, पिळली, दोरीवर टाकली. पट्टा गेला होता. पाण्यानं लावलेला रंग पाण्यानं जातो.

"गेला की वो," विहीणबाई म्हणाल्या. त्यांना फार आनंद झालेला दिसला नाही.

पूजानं चहा ठेवला. मी दिवाणाचा राहिलेला पाय रंगवला.

रंग घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, भिंतीचा का लाकडाचा. आणि साडीला लागलाच, तर त्याच दिवशी धुवा, नाहीतर कुणीतरी तो डाग जपून ठेवतं.