डाव्या हाताची पट्टी

गेल्या वर्षी अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या भावाचा चांगला हात बांधून ठेवला होता. मेंदूला मार लागून त्याचा उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, की चांगल्या हाताला अडवलं की लुळ्याला हलावंच लागतं, आणि त्या हलण्यातून मेंदू नव्या वाटा शोधतो. यावर बरंच संशोधन झालं आहे. मी मान डोलावली, पण मनात आमची खापरपणजी आली, भातकुलीची पार्वताबाई.

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा नत्थुजी कापसाच्या गाड्या अमरावतीला न्यायचा. एकदा उतारावर गाडी उलटली आणि दांडी डोक्यात बसली. माणूस वाचला, बोलूही लागला, पण उजवा हात गेला तो गेलाच.

बायकोनं भरवावं तर लाज, डाव्या हातानं खावं तर त्याहून लाज. नत्थुजी भिंतीकडे तोंड करून डाव्यानं दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. दिवसेंदिवस वाळत चालला. पार्वताबाईला त्याच्या हातापेक्षा त्या वळलेल्या पाठीचं जास्त लागायचं.

एका दुपारी तिला दिसलं, की भाकर तोडायला उजव्याची बोटं जराशी थरथरली, तेवढ्यात डावा पुढे झाला आणि बोटं निजली. भरल्या घरात नांदलेली बाई ती. एक सून राबत असली की दुसरी पाय पसरते, हे तिनं पुरतं भोगलं होतं. तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, नवऱ्याचा डावा हात कमरेशी बांधला आणि समोर कापसाची टोपली ठेवली.

"यातला काडीकचरा येचा. उजव्यानं."

नत्थुजीनं टोपली लाथाडली. मग रडला. तीही चुलीपाशी जाऊन रडली, पण दुसऱ्या सकाळी पट्टी घेऊन आलीच. जेवतानाही पट्टी सोडायची नाही. ताटाबाहेर सांडलेलं ती त्याच्याकडे न बघता परत ताटात सारायची.

शेजारची दुर्गाबाई गावभर सांगायची, "नवऱ्याले बांधून ठेवते वो. बाई आहे का कसायीन?"

पुढच्या वर्षीची वेचणी आली, तेव्हा नत्थुजी भिंतीकडे पाठ करून जेवायला बसला. उजव्या हातानं त्यानं पट्टीची गाठ सोडली आणि वेडीवाकडी घडी घालून पट्टी तिच्यापुढे ठेवली.

पार्वताबाईला राहवलं नाही. "गाठ मी रोज सैलच बांधली. मले तुमची दया येत होती. एक झटका देला असता तं सुटली असती."

"मले मालूम होतं."

"मंग काहून नाही सोडली?"

नत्थुजीनं भाकरीचा तुकडा मोडला, उजव्याच हातानं, बराच वेळ लावून.

"तू रोज सकायी बांधाले येत होती," तो म्हणाला. "मी वाट पाहत होतो."

आणि तो तुकडा त्यानं तिच्या हातावर ठेवला.