‘नो ग्रोथ’ची साक्ष

विनोदिनीताईंच्या यजमानांचा, रत्नाकररावांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये प्लेट्स वाचत होते. “मंजू, विनोदिनी गेली गं... पहाटे, झोपेतच,” एवढंच म्हणाले. माझ्यापुढे अजून बावीस प्लेट्स होत्या. त्या सगळ्या वाचून, रिपोर्ट भरून, मगच मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. काम अर्धवट टाकून उठले असते, तर विनोदिनीताईंनी गेल्या असल्या तरी मला फैलावर घेतलं असतं.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या माझ्या सीनियर. मी नागपूरहून नुकतीच आलेली, देवाचं नाव फक्त व्हिसाच्या रांगेत घेणारी. त्या नगरच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती, चहाचा घोट घेण्याआधीही डोळे मिटणाऱ्या. पेशंटचा नमुना प्लेटवर लावायचा, उबेत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जंतू वाढलेत का ते पाहायचं, हे आमचं काम. पहिल्याच आठवड्यात मी काहीच न उगवलेल्या प्लेट्स भराभरा बाजूला सारल्या. ताईंनी त्या उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवल्या. “नो ग्रोथ हाही रिपोर्ट असतो, मंजू. तोही तितक्याच नेटाने लिहायचा.” मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

रिटायर झाल्यावर त्या बाग करतील, क्रूझवर जातील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. बाईंनी पार्टटाइम पीएचडीला नाव घातलं. विषय, विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचं नातं. मी म्हटलं, “ताई, या वयात हौस म्हणून एखादं विणकाम करा ना.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप त्यांचा फॉर्म प्रिंट करून दिला.

खरा प्रश्न त्यांना त्यांच्या मराठी उपासनेत सापडला होता. महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, भाड्याच्या चर्च हॉलमध्ये मंडळी जमत. गाणी, प्रवचन आणि मग साक्ष. एकेकाने उठून आपली कोणती प्रार्थना ऐकली गेली ते सांगायचं. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाला पर्मनंट नोकरी लागली. ताई त्यात वर्षानुवर्षं बसल्या होत्या, आणि एका रविवारी त्यांच्यातली लॅबवाली जागी झाली. ज्यांना उत्तर मिळालं नाही त्यांचे रिपोर्ट कुठे आहेत? श्रद्धावान माणूस त्यांचं करतो काय? एवढंच त्यांना शोधायचं होतं, तेही त्याच मंडळीच्या मुलाखती घेऊन.

उपासना चालवणारे पाळकसाहेब चिडले. “ताई, साक्ष म्हणजे देवाची स्तुती. ती तक्रारवही नाही.” युनिव्हर्सिटीत उलटाच संशय. जी बाई स्वतः त्याच बाकावर गुडघे टेकते, ती तटस्थ कशी राहणार? दोन्हीकडच्या शंकांना ताई पुरून उरल्या. पण घरात त्यांचं काही चालेना. रत्नाकरराव आणि ताईंनी मूल व्हावं म्हणून अकरा वर्षं प्रार्थना केली होती. मूल झालं नाही, आणि त्यावर रत्नाकरराव कधी अवाक्षर बोलले नव्हते. मुलाखतीचं विचारताच ते म्हणाले, “विनू, हे सगळं कागदावर मांडलंस तर माझ्याकडे काय उरेल?”

हे मला कँटीनमध्ये सांगताना ताईंचे डोळे भरून आले. त्यांना माहीत होतं की पदवी मिळाली आणि नवऱ्याचा विश्वास गेला, तर ती पदवी त्यांना गिळवणार नाही. “मग सोडून द्या,” मी म्हटलं. “अगं, सोडून कसं देऊ? खरं बोलल्याने मोडत असेल, तर तो विश्वास कसला?... पण त्याच्यावर जबरदस्ती नाही. त्याचा नकार नोंदवला मी.” खरोखरच प्रबंधात एक ओळ आहे, एका व्यक्तीने उत्तर देण्यास नकार दिला.

बाकीचे मात्र बोलले. चार वर्षं ताई स्वयंपाकघरांत, कार पार्कमध्ये, नर्सेसच्या ब्रेकमध्ये रेकॉर्डर घेऊन फिरल्या. इथेच जन्मलेली एक मुलगी म्हणाली, “आँटी, डॅडसाठी मी एव्हरी नाइट प्रे केला. तो गेला. नंतर कोणीच मला विचारला नाही.” ती तासभर रडली आणि पुढच्याच उपासनेला आली, दोन वर्षांत पहिल्यांदा. ताईंना जे सापडलं ते असंच होतं. बोलल्यामुळे कुणाचा विश्वास गेला नव्हता. गप्प राहावं लागल्यामुळे मात्र बऱ्याच जणांचा झिजत चालला होता.

पाचव्या वर्षी कॅन्सर निघाला. केमोच्या खुर्चीत बसून त्यांनी शेवटचं प्रकरण लिहिलं. व्हायवाच्या, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मीच त्यांना गाडीने नेलं. रत्नाकरराव पेजेचा फ्लास्क मांडीवर घेऊन मागे बसले होते. आत परीक्षकाने विचारलं, नकार देणारी ती व्यक्ती कोण? “सांगता येणार नाही, कॉन्फिडेन्शियल आहे,” ताई म्हणाल्या, आणि तो नकार देणारा माणूस दाराबाहेर पेज निवू नये म्हणून फ्लास्क कोटात गुंडाळत होता. दोन तासांनी त्या बाहेर आल्या. “पास! फक्त मायनर करेक्शन्स!” मग कॉरिडॉरमध्येच आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून इतक्या हसल्या की सेक्रेटरी बाहेर डोकावली. तो आनंद शब्दांत पकडणं मला जमत नाही. करेक्शन्स त्यांनी नऊ दिवसांत संपवल्या आणि डॉक्टर विनोदिनीताई होऊनच, चार महिन्यांनी, गेल्या.

गेल्या रविवारी त्यांची स्मरणोपासना झाली. साक्षीची वेळ आली तेव्हा मी खाली बघत बसले, कारण त्यांच्यासाठी झालेल्या प्रार्थनांचं काय झालं ते सगळ्यांनाच माहीत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रत्नाकरराव उठले होते.

“आम्ही मूल मागितलं. मिळालं नाही. विनू बरी व्हावी म्हणून मागितलं. ती बरी झाली नाही.” त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. “आज सकाळीही मी प्रार्थना केली. माझा विश्वास आहे तिथेच आहे. तिने एवढी वर्षं विचारलं, मी सांगितलं नाही. आता माझी मुलाखत झाली असं समजा.”

ते खाली बसायला वळले, तर पाळकसाहेबांनीच त्यांना थांबवलं आणि मंडळीकडे पाहून विचारलं, “अशी साक्ष आणखी कुणाला द्यायची आहे?” वडिलांसाठी रोज रात्री प्रार्थना केलेली ती मुलगी उठून पुढे गेली. मग कोपऱ्यातले दोघे तिच्यामागे जाऊन उभे राहिले. माझी आई आयसीयूत होती तेव्हा, कुठल्याच देवाचं नाव न घेता, मीही एकदा हात जोडले होते. आई वाचली नाही. हे मी कुणालाच, ताईंनाही, सांगितलं नव्हतं. मी उठून त्यांच्यामागे रांगेत उभी राहिले.