सातवा जोड

त्यांना सगळे 'चाळीस' म्हणत. वयावरून नव्हे, वय साठीच्या पुढचं. गाडी चाळीसच्या वर नेत नसत म्हणून. मागून कोणी हॉर्न वाजवला की आपली जुनी व्हॅन कडेला घेत आणि हात बाहेर काढून "जा बाबा, तू जा पुढे" अशी खूण करत. आणि या माणसाचा धंदा काय, तर ट्रॅकवर दोनशेच्या वेगाने पळणाऱ्या गाड्यांना सायलेन्सर आणि त्याच्या नळ्या बनवून देण्याचा.

त्यांची शेड आमच्या कार्यालयाच्या मागच्या गल्लीत. मी त्या कार्यालयात भांडार सांभाळतो. शिक्षण कॉमर्सचं, चौतीस वर्षं नोकरी झाली, येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. दुपारच्या सुट्टीत पाय मोकळे करायला निघालो की त्यांच्या शेडसमोर थांबायची मला सवय लागली, कारण तिथे रोज एक गमतीचा संवाद कानावर पडे. उचललेल्या गाडीखाली शिरण्यापूर्वी चाळीस मोठ्याने म्हणत, "खाली जातोय गं." काउंटरमागून वहिनी म्हणत, "जा." बाहेर आले की, "आलो वर." त्यावर वहिनी, "बरं." वहिनी फोनवर असल्या आणि 'जा' आलं नाही, तर हे अर्धे आत गेलेले पुन्हा बाहेर येत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. गाडीला जॅक असे, टेकू द्यायला लोखंडी घोडे असत, त्याशिवाय लाकडाचा जाड ठोकळाही असे. तरीही 'जा' लागेच.

मी एकदा हसून विचारलं, "एवढं कसलं भ्यायचं?"

"मी ज्यांच्याकडे शिकलो, ते एकदा न सांगता खाली गेले," ते म्हणाले. "आम्ही चौघं दारात क्रिकेट ऐकत बसलो होतो. जॅक सरकला. शेवटचा चेंडू झाल्यावर आम्हाला कळलं."

त्यानंतर मी हसलो नाही.

माझी मुलगी दातांची डॉक्टर आहे. महिनाभर लोकांच्या तोंडात डोकावून झालं की एका रविवारी शहराबाहेरच्या ट्रॅकवर तिची पिवळी दोन सीटची गाडी पळवते. त्या रविवारी आमची ही सकाळपासून टीव्हीचा आवाज मोठा ठेवते आणि मी कपाटं आवरतो. आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही.

या वर्षी तिला गाडी हलकी करायची होती. सायलेन्सर बदलायचा ठरला, तेव्हा मीच तिला चाळीसांकडे घेऊन गेलो. एवढा भित्रा माणूस दुसरा कोणी मला माहीत नव्हता, आणि मला नेमका तोच हवा होता.

त्यांनी आधी तिच्या गाडीचा मूळचा सायलेन्सर काढून वजनकाट्यावर ठेवला. एकोणीस किलो. मग दोन नळ्यांचे तुकडे तिच्या दोन हातांत दिले. "हे पातळ स्टेनलेस. सगळं मिळून अकरा किलो होईल. आणि हे टायटॅनियम. सात."

"सातच द्या ना काका," मुलगी म्हणाली.

"ताई, चार किलोंसाठी जिवाला घोर का? तेवढं पेट्रोल कमी भरा."

"मग अर्ध्यात बंद पडेल."

"बाजूची सीट काढा."

"काढली."

"स्टेपनी?"

"ती तर कधीच काढली."

"मग वडिलांना घरी ठेवा."

"ते तसेही बसत नाहीत. घाबरतात."

"शहाणे आहेत," चाळीस माझ्याकडे बघून म्हणाले. मग गंभीर झाले. "सायलेन्सर काढूनच टाका असं म्हणणारे पण येतात. ट्रॅकवाले आवाज मोजतात, ते घरी पाठवतील. तेव्हा हलकं करायचं ते बेताने. स्टेनलेसला माझ्याकडून थोडी चूक झाली तर ते सांभाळून घेतं. टायटॅनियम सांभाळून घेत नाही. जोड वितळत असताना हवा लागता कामा नये, बाहेरून नाही आणि नळीच्या आतूनही नाही. म्हणून आतमध्ये आरगॉन गॅस सोडत राहावा लागतो. हवा लागली की जोड खडूसारखा होतो. वरून छान दिसतो. आतून खडू."

मुलीने दोन्ही तुकडे त्यांच्या हातात परत दिले. गप्प बसायचं ते मी बसलो नाही. मी आदल्या दिवशी तीन रकान्यांचा एक तक्ता केला होता. गाडी जितकी हलकी तितकी ब्रेक लावल्यावर लवकर थांबते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. लवकर थांबते म्हणजे सुरक्षित, असा माझा हिशोब. मी तक्ता पुढे केला आणि म्हणालो, "टायटॅनियमच करा. तुमच्या हातून चूक होणार नाही."

चाळीसांनी तक्ता दोनदा वाचला. "तुम्ही वडील म्हणून सांगताय?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, पण स्टेनलेसचा तुकडा त्यांनी हातातून खाली ठेवला नाही.

काम आठवडाभर चाललं. सात जोड होते. सहा टेबलावर करायचे आणि सातवा गाडीवर नळी बसवून, माप घेऊन शेवटी. हा सातवा मागच्या चाकांच्या वर, जिथे नळी वळते तिथे. पेट्रोलच्या टाकीपासून चार बोटांवर.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी शेडमध्ये डोकावलो. गाडी घोड्यांवर उभी होती. चाळीस हात धुवायला मागे गेले होते, वहिनी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधत होत्या. कोपऱ्यातल्या गॅसच्या बाटलीपासून गाडीपर्यंत एक निळी रबरी नळी जमिनीवर वेडीवाकडी पसरली होती. कोणाचा पाय अडकून पडला तर? चौतीस वर्षं मी भांडारात वाटेत पडलेली वस्तू उचलत आलोय. दोन्ही टोकं होती तिथेच ठेवून मी मधली नळी उचलली, सरळ केली आणि भिंतीवरच्या खिळ्याला छान घडी घालून टांगली. जागा कशी मोकळी झाली. चाळीस परत आले, तेव्हा मी निघालोच होतो. आम्ही "उद्या भेटू" एवढंच बोललो.

शुक्रवारी मुलगी गाडी घेऊन गेली. निघण्याआधी तिने मला वाकायला लावून गाडीखालचा सायलेन्सर दाखवला. जोडांवर चंदेरी खवले एकावर एक नीट बसलेले. चाळीस म्हणाले, "सोमवारी परत आणा, मी बघतो. परवा जरा जपून."

रविवारी सकाळी सव्वानऊला आमची बेल एकदाच, अगदी जेमतेम वाजली. दारात चाळीस. अंगात घरचा शर्ट, बटणं एक घर चुकलेली.

"ताई आहेत?"

"ती सातला गेली. का?"

"शेड झाडत होतो. आतून आरगॉन सोडायची नळी खिळ्याला टांगलेली दिसली. काढली तर घडीवर चपटी झालेली. त्यातून फुंकरही जाईना."

"पण तुम्ही बाटलीवरचा गॅसचा काटा बघता ना?"

"काटा जागेवरच असतो हो. तो बाटलीपाशी काय चाललंय ते दाखवतो, नळीच्या टोकाला काय पोचतंय ते नाही. फोन लावा त्यांना. मी सकाळपासून लावतोय."

मीही लावला. अकरा वेळा. ट्रॅकवर फोन पेटीत ठेवायला लावतात, हे मुलीनेच सांगितलं होतं. ट्रॅकच्या कार्यालयाचा फोन नुसता वाजत राहिला. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद झाला आणि आमची ही दारात येऊन उभी राहिली. मी चपला घातल्या.

माझ्याकडे गाडी नाही. आम्ही त्यांच्या व्हॅनने निघालो. ट्रॅक पंचेचाळीस किलोमीटर. मुलीची पहिली फेरी दहा वाजता. चाळीस दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते आणि काटा चाळीसवर होता. सायकलवाले तेवढे मागे पडत होते.

"मी कधी टांगली ते आठवतच नाही," ते स्वतःशीच बोलत होते. "मी नळी टांगत नाही. म्हणजे हिने झाडताना टांगली असेल. काम झाल्यावर. शुक्रवारी. हो ना? मग जोडाला काही झालं नाही. हो ना हो?"

शुक्रवारी टांगली असती तर भीतीचं कारणच नव्हतं. ते त्या एका शक्यतेला धरून चाळीसने चालले होते, आणि ती खोटी आहे हे मला एकट्याला ठाऊक होतं. मी एक सिग्नल जाऊ दिला. मग पूलही जाऊ दिला. लाज वाटत होती, असं म्हणू का? लाज होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मी बोललो की ते खरं होणार होतं.

"मी टांगली," मी म्हणालो.

"काय?"

"नळी. वाटेत होती म्हणून. गुरुवारी."

मला वाटलं, ते व्हॅन थांबवून मला उतरवतील. त्यांनी फक्त विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

"ऑफिस पाचला सुटतं. पाच वाजून दहा मिनिटं."

त्यांचे ओठ हलले. "सहा जोड बुधवारीच झाले होते. सातवा मी साडेपाचला केला." त्यांनी काट्याकडे पाहिलं. "टाकीजवळचा."

मग त्यांनी पाय दाबला. व्हॅनमधले पाने, डबे, साखळ्या एकदम खडखडल्या. काटा साठच्या पुढे गेला, ऐंशीच्या पुढे गेला. नव्वदला दार थरथरायला लागलं. मी समोरची कड दोन्ही हातांनी धरली. चाळीसांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला ते हात सोडत नव्हते. दर वळणावर तोंडाने "अगं आई, अगं आई" चाललं होतं, पण पाय उचलला नाही. एका ट्रकच्या पुढे जाताना त्यांनी डोळे मिटले की काय असं मला वाटलं. विचारण्याची हिंमत झाली नाही.

ट्रॅकच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा दहा वाजून आठ मिनिटं झाली होती. कठड्यापलीकडून गाड्यांचा आवाज येत होता. पिवळी गाडी समोरून सुसाट गेली. मला नुसता आवाज ऐकू आला. चाळीस जागच्या जागी उभे राहिले, मान तिरकी करून. ती पुन्हा येईपर्यंत श्वास घेतला नसावा त्यांनी. ती आली, गेली.

"फटफटतोय," ते म्हणाले. "जोडाने तोंड उघडलंय."

मागून हॉर्न वाजला की कडेला होणारा हा माणूस कठड्यावर चढला आणि झेंडे घेऊन उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या अंगावर ओरडला, "पिवळी गाडी आत घ्या! तिच्या टाकीपाशी जाळ सुटलाय!"

"तुम्ही कोण? खाली उतरा आधी."

"ते मी बनवलंय! मी चुकलोय! आत घ्या तिला!"

अधिकाऱ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काळा झेंडा उचलला. तो एका गाडीला आत बोलावण्याचा असतो. पिवळी गाडी तिसऱ्यांदा आली, वेग कमी झाला, आत वळली. मी एका टायरवर बसलो.

मुलगी हेल्मेट काढत उतरली. "बाबा? काका? काय झालं?"

उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही. दोघा मेकॅनिकनी गाडी उचलली, घोडे लावले. चाळीसांनी व्हॅनमधून आपला लाकडी ठोकळा आणून सरकवला, पुठ्ठा अंथरला आणि आडवे झाले. "खाली जातोय," म्हणाले, आणि अर्धे आत गेले. थांबले. बाहेर आले. पुन्हा म्हणाले, "खाली जातोय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला उशिरा समजलं.

"जा," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही.

टॉर्चचा प्रकाश हलत होता. तापलेल्या धातूची टिकटिक ऐकू येत होती. मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं. बऱ्याच वेळाने पुठ्ठा सरकला.

"आलो वर."

त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. एवढी चीर. टाकीकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवरचं आवरण तिथे वितळून चकाकत होतं.

"अजून किती फेऱ्या टिकलं असतं, काका?"

"ते मला विचारू नका, ताई. मला ते माहीत करून घ्यायचं नाही."

मग मी तिला नळीचं सांगितलं. पाच वाजून दहा मिनिटं, खिळा, घडी, सगळं. तिने ऐकून घेतलं. "बाबा," ती म्हणाली, "माझ्या दवाखान्यात आलात की आजपासून हात खिशात ठेवायचे."

"नळी वाटेत पडू दिली ती मी, चूक माझी," चाळीस मध्येच म्हणाले. "कामाला लागण्याआधी टोकाला हात धरून वारा लागतो का बघायला हवं होतं. रोज बघतो. त्या दिवशी काट्यावर विसंबलो." आम्ही दोघंही चूक स्वतःकडे ओढत राहिलो. शेवटी मुलगीच म्हणाली, "भांडू नका, मला घरी न्या."

गाडी तिथेच ठेवली. तिघं व्हॅनच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलो. ट्रक, बस, सगळे हॉर्न वाजवत पुढे जात होते. "काका, जरा पळवा ना," मुलगी म्हणाली. चाळीसांनी काट्याकडे बोट दाखवलं आणि हात बाहेर काढून मागच्याला खूण केली.

पुढच्या आठवड्यात अकरा किलोंचं स्टेनलेस बसलं. तक्ता मी केला नाही. तो फुटलेला सातवा जोड चाळीसांनी नळीच्या तुकड्यासकट कापून त्याच खिळ्यावर अडकवला आहे, म्हणजे तिथे दुसरं काही टांगता येऊ नये.

वहिनी हल्ली गुरुवारी बहिणीकडे जातात. त्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी मी शेडमध्ये जाऊन त्यांच्या स्टुलावर बसतो. जमिनीवर नळ्या, तारा, पाने कसेही पडलेले असतात. मी कशालाही हात लावत नाही. आतून आवाज येतो, "खाली जातोय." मी म्हणतो, "जा." मग 'आलो वर' ऐकू येईपर्यंत हातातल्या वर्तमानपत्राचं पान माझ्याच्याने उलटवत नाही.