सांध्याखालची फूट

दहावीला पेशीविभाजन शिकवताना मी मुलांना आंब्याचं उदाहरण देते. सूत्री विभाजनात एका पेशीच्या दोन होतात आणि दोन्ही हुबेहूब. कलमाची काडी अशाच पेशींनी वाढते, त्यामुळे आमच्या वाडीतला हापूस आणि श्रीवर्धनच्या बाजारातला हापूस हे मुळात एकच झाड. रायवळ आंबा मात्र बाठ्यातून, म्हणजे कोयीतून उगवतो. अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रं पत्त्यांसारखी पिसली जातात, निम्मी होतात, आणि मग आईची निम्मी आणि कुठून तरी उडत आलेल्या परागाची निम्मी एकत्र येतात. तसं झाड आधी कधी झालेलं नसतं आणि पुन्हा होणार नसतं. मुलं मुकाट्याने लिहून घेतात. घरी हेच मी बाबांना कित्येक उन्हाळे शिकवलं, पण विद्यार्थी ढिम्म हलला नाही.

विहिरीजवळ हापूसचं एक कलम होतं, त्याला आम्ही आईचं झाड म्हणायचो, कारण वाढवलं तिने. आई गेली ती ऐन आंब्याच्या दिवसांत. तेव्हापासून तिच्या तिथीला बाबा त्या झाडाचा आंबा तिच्या फोटोपुढे ठेवायचे आणि मग आम्ही दोघं तो वाटून खायचो. वादळाने अख्ख्या दिवेआगरच्या सुपाऱ्या झोपवल्या, त्यात आमच्याही गेल्या. त्या ओलांडत बाबा विहिरीकडे गेले. कलम बुंध्यातून मोडलेलं पाहिलं आणि खाली बसले.

उरलेल्या खुंटाला वर्षभरात फूट आली. कलम जिथे बांधलेलं असतं त्या सांध्याच्या खाली, बाठ्यातून उगवलेल्या खुंटावर फुटलं तर ते रायवळ, ते खुडून टाकायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबांनी जन्मभर अशी फूट खुडली. हिला मात्र त्यांनी नारळाच्या झापांचं कुंपण घातलं.

"बाबा, हे सांध्याखालचं आहे."

"सांधा मातीत गेलाय. भर घातलेली न्हाय का आपण?"

"खणून बघूया?"

"हात लावायचा न्हाय."

मी एक पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरलं. हापूसच्या पानाचा वास लपत नाही आणि या पानाला तो नव्हता. बाबा म्हणाले, मला सर्दी झालीय.

तिथीला मी बाजारातून हापूस आणला.

"ह्यो कोणाचा?"

"आपल्याच झाडाचा समजा. पेशी न् पेशी तीच."

त्यांनी तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. त्या वर्षी आईपुढे केळं होतं.

मला राग यायचा, पण खरं तर मी घाबरले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस एका फुटीवर आशा लावून बसला होता, आणि शेवटी त्याच्या हातात काय पडणार हे मला माहीत होतं.

यंदा ते पडलं. चार-सहा आंबे धरले, ते बाबांनी स्वतः उतरवून पेंढ्यात पिकत घातले. मुठीएवढे, पिवळेधमक, रेषाळ. हापूसचं त्यात काहीही नव्हतं. मी बरोबर ठरले होते आणि मला रडू येत होतं.

बाबांनी त्यातला एक फोटोपुढे ठेवला. मग दुसरा हातात घोळवून मऊ केला, देठ काढला आणि चोखायला लागले. मध्येच थांबले. मला वाटलं, आता समजलं.

"शेपूचा वास येतोय," ते म्हणाले. "ह्यो तुझ्या आईच्या माहेरचा आंबा."

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा आईने पिशवीतून तिकडचे आंबे आणले होते. त्यातला एक विहिरीजवळ बसून खाल्ला आणि बाठा तिथेच पुरला. तो उगवला. बाबा हे साफ विसरून गेले होते, ते आता आठवून सांगत होते.

"रायवळ कोण खातोय, म्हणून मी त्याच्यावर हापूसची काडी बांधली."

"आई काय म्हणाली?"

"काय न्हाय म्हणाली."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही आईचं म्हणून जे खात होतो ते बाजारात मिळतं तेच होतं. आईचं झाड खाली होतं, वरच्याला पाणी पुरवत.

"मग चव अगदी तिकडचीच का?" मी विचारलं. उत्तर मला येत होतं, तरी विचारलं.

बाबांनी पुन्हा चोखून पाहिलं. "तंतोतंत न्हाय. त्यो गोड होता. ह्यो जरा आंबट हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लेकीवर गेलाय."

मी हसले आणि मग हसता हसता पदराने डोळे पुसले. बाबांना बहुधा दोन्ही दिसलं नाही. ते बाठा धूत होते. धुऊन झाल्यावर विहिरीपलीकडे गेले, खुरप्याने माती उकरली आणि तो पुरला.

"आणि ऐक," ते म्हणाले, "ह्याच्यावर कोणी काय बांधायचं न्हाय."