श्रीपालशेठनी श्वास घेतला तेव्हा

जोतीरामनं कधी थोडक्यात काही सांगितलंय, असं पंचक्रोशीत कुणाला आठवत नाही. तीस वर्षं तो कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलत आला. जोड सुटून, एक पैलवान चीत होऊन, अंगावरची माती झटकून झाली, तरी जोतीराम त्याच्या वस्तादाच्या वस्तादाची थोरवी सांगत असे. बायको म्हणते, "आमच्या लग्नात अक्षता पडल्या, मी माप वलांडलं, तरी ह्यो मांडवातच. पावण्यांचं स्वागत सरंना."

अशा माणसाला उतारवयात नोकरी मिळाली ती विमानाच्या माळावर. शाहूवाडीच्या वाटेवर हौशी लोकांचा एक छोटा क्लब आहे. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, चार लहान विमानं आणि पट्टीवर पिढीजात हक्क सांगणाऱ्या म्हशी. मोठ्या विमानतळासारखा तिथं मनोरा नाही, "तू थांब, तू ये" म्हणणारा कुणी नाही. उतरणाऱ्यानं आपण कुठं आहोत ते रेडिओवर आपणच सांगायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकून आपला नंबर ओळखायचा. जोतीरामनं वाऱ्याची दिशा सांगायची आणि म्हशींची हालहवाल. हुकूम सोडायचा नाही. विमान ज्याच्या हातात, निर्णय त्याचा, असं क्लबचे शिक्षक कॅप्टन विजयसिंह यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांनी समजावली होती: एकानं बोलायचं बटण दाबून धरलं, की तेवढा वेळ बाकीचे सगळे मुके.

हा नियम जोतीरामनं पाळला. पाळला नाही तो श्रीपालशेठनी.

श्रीपालशेठ म्हणजे गुळाचे मोठे व्यापारी. पन्नाशीनंतर विमान चालवायला शिकले आणि लाल रंगाचं एक विमान घेऊन बसले. माणूस सोन्यासारखा, पण खोडी दोन. एक म्हणजे, पेठेतून निघायच्या आधीच ते फोनवर "आलोच" म्हणून सांगत. दुसरी खोड जोतीरामनंच लावलेली. शेठ मैदानाला देणगी देत आणि जोतीराम त्यांना माईकवरून असा काही चढवी, की शेठना ती आरती तोंडपाठ झाली. पुढे मैदानात आणि उतरताना रेडिओवरही ते स्वतःच ती म्हणू लागले. जोतीरामनं त्यांना हातचं एक गुपितही दिलं: "शेठ, श्वास घेताना माईक बाजूला करा. न्हाय तर म्हस फुरफुरल्यागत ऐकू येतंय." शेठ तेवढं मात्र इमानानं पाळत. विमानात माईक बाजूला होत नाही, म्हणून तिथं ते श्वासापुरतं बटण सोडत.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चारच्या सुमाराला, नेसरीची आदिती एकटीनं विमान घेऊन परतत होती. वय वीस, वडील दूध संघात कारकून, एकटीनं उडायची ही सहावी वेळ. कॅप्टन तिच्यासाठी पट्टी मोकळी करायला जीप घेऊन पार पलीकडच्या टोकाला गेले होते आणि तिथं पट्टीबाहेर काढलेल्या एका म्हशीशी त्यांची बोलणी अडली होती. जीपमध्ये रेडिओ नव्हता.

तेवढ्यात रेडिओवर श्रीपालशेठ. "आलोच. कारखान्याच्या चिमणीवर हाय."

चिमणी पट्टीपासून दोन मिनिटांवर. शेठ त्या वेळी नदीवरसुद्धा पोचले नव्हते. जोतीरामला शेठचं 'आलोच' माहीत होतं. आदितीला कुठलं माहीत असणार? "काका, तुम्ही आधी उतरा, मी मागून येते," म्हणून तिनं विमान सरळ लांब नेलं, एक मोठा वळसा घेतला. समोर बघते तर कुणीच नाही.

"जोतीरामकाका, पट्टी?"

"मोकळी हाय, पोरी," जोतीराम म्हणाला.

खोटं काहीच नव्हतं. पण शेठ अजून उतरलेले नाहीत, हे तो बोलला नाही. आयुष्यात चार शब्द कमी बोलायची बुद्धी त्याला नेमकी त्या दिवशी झाली. आदितीला वाटलं, शेठ उतरून शेडमध्ये गेले. ती पट्टीच्या सरळ रेषेत आली आणि खाली येऊ लागली.

जोतीरामनं दुर्बीण लावली. पांढरं विमान दिसलं. त्याच्या मागं आणि वर लाल विमान दिसलं. शेठ खरोखरच आले होते, तेही घाईनं, वरून उतार धरून, त्याच रेषेत.

आदितीच्या विमानाचे पंख डोक्यावर, म्हणून तिला वरचं दिसेना. शेठच्या विमानाचे पंख पायाखाली, म्हणून त्यांना खालचं दिसेना. अख्ख्या मुलखात ती दोन विमानं एकत्र बघणारा माणूस एकच होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं. कारण शेठनी बटण दाबून स्वतःचं स्वागत सुरू केलं होतं. आदितीलाही ते ऐकू येत होतं, पण आवाज कुठून येतोय ते रेडिओ सांगत नाही.

"करवीर नगरीचं भूषण, गुळाच्या पेठेची शान..."

जोतीरामनं बटण दाबलं. दोन आवाजांची नुसती खरखर झाली. त्यानं बटण सोडलं.

"...तालमींचे आधारस्तंभ, गोरगरिबांचे कैवारी..."

खिडकीत लाल बार उडवायचं पिस्तूल होतं. त्यानं ते उचललं, चाप चाचपला आणि हात थांबला. लाल बार म्हणजे उतरू नका, वर जा. तो दोघांनाही दिसणार. आदिती शहाणी पोर, ती आधी वर जाणार, थेट शेठच्या पोटात. त्यानं पिस्तूल खाली ठेवलं.

लाल विमानाची सावली पांढऱ्या पंखावर पडलेली आता नुसत्या डोळ्यांनीही दिसत होती.

ही आरती जोतीरामनंच रचलेली. 'कैवारी'नंतर 'दिलदार', मग 'दानशूर', आणि 'दानशूर' झालं की श्वास. तिथं श्वास घ्यायलाही त्यानंच शिकवलं होतं. तेवढ्या फटीत किती मावेल? 'श्रीमान श्रीपालशेठ यांना नम्र विनंती' यातलं 'श्रीमान'सुद्धा मावणार नव्हतं.

"...दिलदार... दानशूर..."

खट्. बटण सुटलं.

"श्रीपाल, वर जा."

अर्धा सेकंद काहीच घडलं नाही. मग लाल विमानानं नाक उचललं, इंजिन गरजलं आणि ते शेडचे पत्रे हलवत वर निघून गेलं.

"आदिती, तू हाय तशीच ये. वर येऊ नगंस," जोतीराम म्हणाला आणि खुर्चीत बसला.

आदिती उतरली. एक फेरी मारून शेठ उतरले. जीपही आली. आदिती म्हणाली, "काका, मला वाटलं तुम्ही मघाशीच उतरलात." शेठ शेडच्या पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक.

"किती अंतर हुतं, जोतीराम?"

"दोन म्हशी एकीवर एक हुभ्या केल्या तर मावल्या असत्या, शेठ. तिसरी न्हाय."

शेठ म्हणाले, "बा गेल्यापास्नं मला कुणी अरे-तुरे केलं न्हवतं. तुझं ऐकलं आणि डोस्कं काय म्हणायच्या आधी हातच हलला बघ. शेठ म्हणला असतास तर मी इचारलं असतं, का म्हणून."

"चूक माझी बी हाय," जोतीराम म्हणाला. "पट्टी मोकळी म्हणलो, पर तुमी वर हाय ते बोललो न्हाय."

कॅप्टन दोघांनाही झाडणार होते. पण एवढं ऐकून त्यांनी जोतीरामला नुसता पाण्याचा तांब्या दिला.

पुढच्या रविवारी रेडिओ खरखरला. "श्रीपाल. नदीवर हाय. चिमणीला यायला अजून सहा मिनिटं." खट्.

जोतीरामनं सवयीनं उरलेली आरती यायची वाट पाहिली. ती आली नाही. त्यानं बटण दाबलं.

"पट्टी मोकळी. उतरलेलं कोण न्हाय. पांढरं इमान चिमणीवर, शेठ त्याच्या मागं. ऐकलंसा दोघांनी?"

त्यानं बटण सोडलं. दोघांनी "ऐकलं" म्हटलं. मगच त्यानं माईक खाली ठेवला.