लेसरला हळदकुंकू

आमचे तुकोजीमामा बावीस वर्षं इंदूरच्या एका गिरणीत, कताई खात्यात. ब्याण्णव साली गिरणीला टाळं लागलं आणि वर्षभरानं मामा एका लेसर प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले, तेही कच्चे. दसऱ्यानंतर मॅडम शेरा लिहिणार, मग ठरणार ठेवायचं की काढायचं. मामीनं तेवढ्यासाठी सोळा सोमवार धरले होते.

मॅडम म्हणजे डॉ. अंबिका दाते. त्या लेसरच्या किरणात बारीकसा मणी धरत, त्यावर कोंबड्यांचा एक विषाणू. तो पेशीला टेकवायचा आणि हळूच ओढून बघायचं, किती घट्ट चिकटलाय. मामा पानाच्या ठेल्यावर समजावत, "क्या है ना भिया, गिरणीत आपण सूत ओढून बघायचो, कितीत तुटतं ते. वही काम! फक्त इथे सूत दिसत नाही."

खंडेनवमीला सकाळी मॅडम आल्या, तर लेसर बंद. आरशांना हळदकुंकू, भिंगावर झेंडू, आणि शेजारी हात जोडून मामा.

"बंद कुणी केला?"

"मीच, मॅडमजी. आज यंत्राला आराम. उद्या दसऱ्याला चालू करू."

महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून आलेले विषाणूचे नमुने नेमके त्याच दिवशी वापरायचे होते. मॅडमचा पारा चढला. "तुम्हाला ठेवून मीच आफत ओढवून घेतली!"

मामा जोडलेले हात न सोडता म्हणाले, "गिरणीत शेवटच्या साली शेठनी खर्चा नको म्हणून पूजाच केली नाही. चार महिन्यांत भोंगा बंद. हे तरी बंद पडू नये, बस."

यंत्र बंद पडू नये म्हणून ते बंद करणारा माणूस मॅडम पहिल्यांदाच पाहत होत्या. त्या स्टुलावर बसल्या. मग उठून त्यांनी स्पिरिट आणि मऊ कागद मामांच्या हातात दिला, स्वतःही घेतला. दुपारी तीनपर्यंत दोघं पुसत होते.

"विषाणूपेक्षा तुमची हळदच जास्त चिकटते," मॅडम पुटपुटल्या.

चार वाजता मणी किरणात स्थिर झाला. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पूजा दाराबाहेर करायची. मशीनला हात नाही लावायचा."

संध्याकाळी मामा घरी आले, तर मामी दारातच उभी होती. "काय झालं? बोलणी खाल्ली?"

"भरपूर. पर त्या 'पुढच्या वर्षी' म्हणाल्या."

आणि गिरणीला टाळं लागलं तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस ओट्यावर बसून ढसाढसा रडला.